सहावीचे अकरा सेकंद

बरबँक. रात्रीचे दोन.
एडिटिंगच्या खोलीत लोरेना इबारा
सहा महामानव कात्रीखाली घेऊन बसलीय.

नायकाची एक्केचाळीस मिनिटं:
उडणं, रडणं, बापाशी अबोला.
सहावीला अकरा सेकंद,
त्यातले चार पाठमोरे.
स्टुडिओचा निरोप: अजून छाटा.

ती पुन्हा लावते तोच शॉट.
पूल कोसळतोय, नायक बोलतोय,
कॅमेरा अर्थातच त्याच्या जबड्यावर.
आणि कोपऱ्यात, फोकसबाहेर,
सहावी
खांद्यावर पूल पेलून उभी
त्याचं भाषण संपेपर्यंत.

लोरेना भाषण कापते,
ऐन वाक्यात.
पूल तेवढा ठेवते,
लोखंडाची करकर थोडी वाढवते,
आणि गार कॉफी संपवताना
नकळत
स्वतःचा खांदा चोळते.