दहापैकी साडेसहा

खोका उघडला तेव्हा ताम्पेरेत दुपारी तीनलाच अंधार पडला होता.
विटेएवढा डॉक, काळा, पाठीला एक भोक,
वर एक खाच, तिच्यात प्लेअर उभा राहतो
टोस्टरमधल्या पावासारखा.
मासिकाचा तक्ता समोर:
स्पष्टता, खर्ज, जोर, बांधणी, किंमत.
प्रत्येकाला दहापैकी गुण, शेरा चाळीस शब्दांत.

आधी फ्रिजवर ठेवला. फ्रिजच त्याच्याहून सुरात होता.
मग खिडकीच्या दगडी कठड्यावर,
तिथे आवाज कोरडा, कडेला टोकदार.
मग बर्चच्या टेबलावर,
आणि एकदम खर्ज आला, पोटातून, भरदार.
मी सात लिहिले. मग खोडले,
कारण तो खर्ज टेबलाचा होता.
उसन्या आवाजाला गुण द्यायचे का,
तक्त्यात लिहिलेलं नाही.

जोर मोजायला मीटर आहे माझ्याकडे,
पण खरं माप खालच्या मजल्यावर राहतं:
कौको विल्पुला, वय एक्क्याऐंशी, आणि त्यांचा झाडू.
आवाज सतरावर गेला की ठक.
एकोणिसावर ठक ठक.
बाविसावर झाडू थांबतो आणि जिन्यात चपला वाजतात.
नऊ वर्षांत तपासले तेवढ्या स्पीकरांचा जोर
मी त्या ठकठकीवरच बेतला;
मीटरचे आकडे नंतर, छापण्यापुरते.

आज टँगो लावला, जुना, अकॉर्डियनचा.
सतरा.
एकोणीस. खणातला कुठलातरी चमचा किणकिणू लागला.
बावीस. चोवीस.
खालून काहीच नाही.

नुसत्या मोज्यांवर जिना उतरले.
पायरीगणिक एकेक नको ते मनात.
बेल. पुन्हा बेल.
दार उघडलं, तर झाडू हातातच.
"ठोकणारच होतो," ते म्हणाले, "पण ऐकत राहिलो.
तुझा तो डबा अकॉर्डियनला नाकातून गायला लावतो.
सुराच्या आधी भाता श्वास घेतो ना,
तो कुठंय? गिळला त्यानं."

चाळीस वर्षं अकॉर्डियनचे भाते सांधले होते त्यांनी,
कातड्याच्या पट्ट्या, मेण, एकेक रीड कानाशी धरून घासलेलं.
मला हे आज कळलं.
नऊ वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहतेय.

त्यांना वर आणलं. त्यांनी कान लावला तो डॉकला नाही,
टेबलाला.
"हे मात्र छान आहे."
मी म्हटलं, टेबल तपासणीत नाही.
"मग चुकीची वस्तू तपासतेयस," म्हणत
त्यांनी दोन बिस्किटं उचलली, तिसरं खिशात टाकलं.

शेरा लिहिला:
आटोपशीर, नेटका. लाकडावर ठेवा. श्वास गिळतो.
संपादक पिर्योचा फोन आला. श्वास म्हणजे काय?
ग्राहकाला काय समजायचं?
मी समजावायला गेले, आणि माझ्याच कानाला
ते वेडगळ वाटू लागलं.
छापून आलं: साडेसहा. लहान खोलीसाठी ठीक.

डॉक परत पाठवायचा असतो.
वायर गुंडाळली, खोक्याला चिकटपट्टी लावली,
टेबलावर त्याच्या चार रबरी पायांचे ठसे
ओल्या फडक्यानं पुसले, तीन गेले.
तेवढ्यात खालून ठक.
एकच.
काहीच वाजत नव्हतं घरात.
मी दोन कपांची कॉफी ठेवली.