तिसरी पेर

पहिली पेर पंधरा जून.
दुसरी एक जुलै.
तिसरी पंधरा जुलै.
मातीला एकच प्रश्न तीनदा विचारायचा,
आणि उत्तरं निराळी आली
तर कुणावर रागवायचं नाही,
असं हर्डीकर सर पहिल्याच दिवशी म्हणाले.

पिपल्याहानाच्या अलीकडे, काळ्या रानात,
माझ्या ताब्यात एकतीस वाण,
एक स्टेपलर,
आणि पाठीला पेन्सिल बांधलेली वही.

लवकर येणारी कणसं करंगळीएवढी.
भरदार होती ती दसरा उलटला तरी हिरवीच,
मागचा हरभरा दारात ताटकळलेला.
लवकर आणि भरपूर,
या दोघांची पत्रिका काही जुळत नाही
म्हणत सर चष्मा पुसायचे,
आणि आम्ही उन्हात
पुन्हा गुण मोजायला बसायचो.

तुऱ्यावर खाकी पिशवी, कणसावर पांढरी.
परागानं डोळे चुरचुरायचे,
मानेवर पानांचे बारीक काप,
त्यांत घाम.
निम्म्या झाडांनी केस काढले
की तो दिवस लिहायचा: त्रेपन्न. अठ्ठावन्न.
एकसष्ट, आणि पुढे एक वैतागलेली रेघ.

रामकुंवरबाई कणसाचं पोट अंगठ्यानं दाबायची,
म्हणायची, "बेनजी, काल आवेगा."
तिचा काल म्हणजे उद्या.
आमच्या रामबागेतल्या घरात काल म्हणजे होऊन गेलेला.
पहिले पंधरा दिवस मी
मागल्या तारखा खोडत राहिले,
मग कळलं.
मग तिच्या अंगठ्यावरूनच
दुसऱ्या दिवशीच्या पिशव्या मोजून ठेवू लागले.

उशिराच्या पेरीत सगळेच खुजे झाले.
तुरा आधी, केस आठवड्यानं,
लग्नघरी वऱ्हाड जेवून परत गेल्यासारखं.
फक्त सतरा नंबर:
सेहेचाळिसाव्या दिवशी दोन्ही एकाच सकाळी,
आणि कणीस माझ्या मनगटाएवढं.
मी कुणाला सांगितलं नाही.
वहीत सुद्धा बारीक अक्षरात लिहिलं.

आणि एका सकाळी
मधल्या गटातला सतरा नंबर
नुसता उभा. ताटं होती, कणसं नव्हती.
पांढऱ्या पिशव्या सरीत,
वर माझ्याच अक्षरात तारखा.
पोपट स्टेपल काढत नाहीत.
मजुरांच्या खोल्यांकडून
हिंगाचा, दुधात शिजलेल्या किसाचा वास,
की तो मलाच येत होता?
ज्याचे केस मी मोजले त्याचा कुणीतरी कीस केला,
एवढंच सुचलं, आणि हसू आलं,
आणि मग बांधावर बसावं लागलं.

रामकुंवरबाई त्या दिवशी खुरप्यावरून मान वर करीना.
दुसऱ्या दिवशी पदराखालून
एक कणीस काढलं,
पिशवी शाबूत, केस काळे पडलेले.
"यो रई गयो थो."
कुठे राहिलं होतं, मी विचारलं नाही.
दोनशे चौदा दाणे.

हरवलेल्या चौकटीचं एक सूत्र असतं.
आजूबाजूच्या रांगांवरून, इतर गटांवरून
तिचा आकडा काढता येतो.
मी काढला. परीक्षकांनी मान डोलावली.
पण सतरा नंबर शेजाऱ्यांसारखा नव्हता
म्हणून तर

असो.

आता सराफ्यात रात्री कुणी कीस खाऊ घालतं,
वर शेव, लिंबू,
आणि मी द्रोण हातात घेऊन
पेरणीची तारीख शोधत बसते.
बरोबरचे म्हणतात, निवतंय.

ते दोनशे चौदा दाणे पुढल्या साली
तीन वाटण्या करून पेरले.
पहिल्या दोन पेरींत तो चारचौघांसारखाच निघाला.
तिसऱ्या पेरीच्या आदल्या संध्याकाळी
माझी बदलीची ऑर्डर आली,
आणि रामकुंवरबाईनं पिशवीतले उरलेले दाणे
तळहातावर घेऊन
नुसते वजन केल्यासारखे हलवले.

काल आवेगा, ती म्हणाली.
मी अजून ते दोन्ही भाषांत ऐकते.