दुसरं पान

आधी अर्धा तास चहा नाही.
पाठ टेकून, पाय जमिनीला, मांडी नको.
भांडुपच्या आमच्या दीड खोलीत
दंड हृदयाच्या उंचीला आणायला
दोन उशा लागतात
आणि सोसायटीच्या कागदांची जाडजूड फाइल.

मग पाच मिनिटं बोलायचं नाही.
एकतीस वर्षांत, भांडण नसताना,
एवढं गप्प बसलो नव्हतो कधी.
वर टाइल्स फोडतायत,
खाली भंगारवाल्याची आरोळी,
पट्टा फुगतो, आवळतो,
सावकाश सोडून देतो.

एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी.
एक मिनिट थांबून पुन्हा.
एकशे चौतीस.
हे गोदीत टॅली क्लार्क होते,
जन्मभर दुसऱ्यांची खोकी मोजली.
"तीसच लिहा की" म्हटलं
तर चष्म्यावरून बघतात.

काल गंमत म्हणून
मी माझा दंड पुढे केला.
एकशे अडुसष्ट.
"जिना चढून आलीस. बस आधी."
मी गवारीच्या भावाचं काढलं,
त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.
एकशे अठ्ठावन्न.

काही बोलले नाहीत.
वहीचं पान उलटलं,
पट्टीनं रेघा मारल्या,
तारीख, वेळ, वरचा, खालचा,
आणि माथ्यावर माझं नाव, अख्खं,
हेमांगी विश्राम तोडणकर,
जे एरवी "अगं"च्या पुढे जात नाही.

मग माझ्या कोपराखालची
एक उशी काढून घेतली.
"तू बुटकी. तुझं हृदय चार बोटं खाली.
आता खरा येईल."