अधूनमधून

गॅरेजात आणली की गाडी एकदम शहाणी.
दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरलेल्या पोरासारखी
मऊ, एकसुरी चालते
आणि अर्पेनिकबाई खजील होतात.

"काल करत होती हो. शपथेवर सांगते.
अशोत्स्कच्या चढाला, धुक्यात,
तीन ठोके नीट, मग एक गाळायची.
परत तीन. परत रिकामं.
नेहमी नाही. अधूनमधून."
बाई संगीतशाळेत पियानो शिकवतात.
बोनेटवर बोटांनी वाजवून दाखवतात:
टक टक टक
टक टक टक
आणि नेमकी न वाजलेल्या जागेवर
उस्ताद हमाझास्पची मान हलते.

ग्युम्रीतलं आमचं गॅरेज म्हणजे मालगाडीचा एक डबा.
भूकंपानंतर अशा डब्यांत माणसं राहिली,
याच्यात उस्ताद, अकरा हिवाळे.
आता ओपेल राहतात.

मशीन लावलं. मशीन म्हणालं, काही नाही.
प्लग काढले. तीन कोरडे, बिस्किटाच्या रंगाचे,
तिसऱ्या सिलिंडरचा जरासा ओला, पेट्रोलचा वास.
मी म्हटलं, नवी कॉइल टाकून मोकळं होऊ.
"कोणाच्या पैशानं, सेरोब?"
त्यांनी तिसऱ्याचा प्लग पहिल्याला लावला,
पहिल्याचा तिसऱ्याला, आणि गाडी परत दिली.
चार दिवसांनी बाई आल्या. ओला होता तिसराच.
म्हणजे प्लग निर्दोष.
उस्तादांनी भिंतीवर खडूनं एक नाव खोडलं.

मग चढावर नेली. उस्ताद शेजारी,
तळहात डॅशबोर्डवर, डोळे मिटलेले.
आकाश निरभ्र. गाडीनं चकार शब्द काढला नाही.
परतताना त्यांनी जर्दाळू विकत घेतले
आणि म्हणाले, "धुकं आपणच करू."

रात्री दार लोटलं, दिवा घालवला.
धुराड्याला नळी लावून तिचं तोंड बाहेर सोडलं.
बाई कोट घालून कोपऱ्यात, स्टुलावर.
इंजिन गुरगुरतंय, आणि उस्ताद
काचा पुसायच्या बाटलीतून
पाण्याचा फवारा मारतायत, अत्तर शिंपडावं तसा.
पहिली तार. अंधार.
दुसरी. अंधार.
तिसरी, आणि एक निळा धागा
तारेतून निसटून लोखंडाला चावला.
टिक.
इंजिन अडखळलं. तीन, आणि रिकामं.
"हीच!" बाई ओरडल्या,
हरवलेलं मांजर सापडल्यासारख्या.

दिवा लावला तेव्हा धागा नव्हता.
नुसती एक झिजलेली जागा, तांदळाच्या दाण्याएवढी,
जिथे तार पट्टीला घासत होती.
घासायला नको होती.
तिला उचलून धरायला एक क्लिप असते,
काळी, नखाएवढी.
क्लिपचं भोक रिकामं होतं.

गेल्या नोव्हेंबरात याच गाडीचं गॅस्केट मी बदललं.
सगळे बोल्ट घट्ट केले, हात पुसले,
आणि ट्रेमध्ये एक वस्तू उरली.
उरलेल्या वस्तूची कुठेतरी जागा असते
हे मला तेव्हा माहीत नव्हतं.
नाही, माहीत होतं.
थंडी होती. मी ती हलव्याच्या डब्यात टाकली,
वॉशर आणि वाकड्या खिळ्यांबरोबर.

उस्तादांनी नवी तार बसवली. माझ्याकडे पाहिलं नाही.
दहाचा पाना मागतात तसा
हात फक्त मागे केला, तळवा वर.
काय हवंय ते मी विचारलं नाही.
डबा उघडताना फार आवाज झाला.

बाईंनी पैसे विचारले.
"फक्त तारेचे," ते म्हणाले.
बाकीचं कोणाच्या नावावर, ते भिंतीवर लिहिलं नाही.

बाहेर बर्फाच्या चिखलात ओपेल चालू झाली.
एक, दोन, तीन, चार.
एक, दोन, तीन,
मी चौथ्यासाठी थांबलो.
अजूनही थांबतो,
कोणाचीही गाडी चालू झाली तरी.