शाई उगाळताना

नानजिंगच्या जुन्या तटाखाली, सहाव्या मजल्यावर
कुआंग गुरुजी डोंगर काढतात.
मी शाई उगाळते, चंदन उगाळावं तशी.
वास काजळीचा, किंचित कापराचा.

आधी कडा. मग चीड
(झाड म्हणतेय मी, राग नव्हे;
रागाला ते पाणी जास्त घालतात).
मग झोपडी, झोपडीत ऋषी,
आणि ऋषीचा एक हात खिडकीबाहेर
मोबाइल उंच धरून रेंज शोधणारा.
"हजार वर्षं एकांत मागत होता," गुरुजी म्हणतात,
"मिळाला, तर करमेना."

मधली जागा ते कोरी सोडतात.
मागे सांस्कृतिक कार्यालयातले साहेब आले,
चष्मा पुसून विचारलं, हे धुकं की धूर?
"साहेब, तो नुसता कागद आहे."
साहेबांनी वहीत लिहून घेतलं: कागद.
चहा पिऊन गेले.

मग बिल्डर फान आला.
चित्रात त्याचेच तीस मजले, अर्धवट,
क्रेनच्या शेंड्यावर क्रौंचाचं घरटं,
बिनकाचेच्या खिडकी-खिडकीत
हप्ते भरणारं एकेक कुटुंब, तिळाएवढं.
पोट धरधरून हसला तो.
घासाघीस न करता घेऊन गेला,
म्हणे लॉबीत लावलंय.
त्या रात्री आम्ही बदक मागवलं
आणि गुरुजींनी एक तुकडाही खाल्ला नाही.

काल नूडल्स घेऊन पोरगा आला, पिवळं हेल्मेट.
टेबलावर नवं चित्र ओलंच होतं:
ढगांत चढत गेलेल्या पायऱ्या,
पायऱ्यांवर तो, पाठीवर खोकं,
ऋषीचं जेवण पोचवायला निघालेला.
मला वाटलं, आता हसेल.
त्यानं मान वाकडी करून पाहिलं.
"एवढा सावकाश? पैसे कापतील याचे."
आणि पळाला. लिफ्ट बंद होती,
सहा मजले त्याचे बूट वाजत राहिले.

गुरुजींनी कुंचला पुन्हा भिजवला.
आता तिथे माणूस नाही, एक फराटा आहे;
ना पाय, ना तोंड,
धाप तेवढी दिसते.
वरच्या कोपऱ्यात, जिथे जुने लोक
ऋतू लिहीत, चंद्राची कला लिहीत,
त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं:
दुपार. सात मिनिटं उशीर.

मग म्हणाले, वाढ गं,
गार झालं असेल सगळं.