पिवळे पाय

कोटंबीचा घाट उतरला की डाव्या हाताला
सकवार भोयेची शेड.
चार हजार पिल्लं, एकाच दिवशी फुटलेली,
एकाच रात्री ट्रकमध्ये चढणारी.
मी कंपनीचा माणूस. वजनं घेतो,
मेलेली मोजतो, वहीवर सही घेतो.

आज तिसावा दिवस. पहाटेचे पाच.
भाताचं तूस अजून पोटाखाली ऊबदार,
बल्बखाली सगळी पांढरी, सगळी बसलेली.
आणि समोरच्या करवंदीच्या जाळीतून
तो बोलला –
कुक्. काया, काया. कुक्.
ही बांग नव्हे. बांग गावाला उठवते;
हा तर कुणाला उठवायलाच आलेला नव्हता.

"रोज येतो मेला," सकवार म्हणाली,
"माझ्या काळीच्या मागं."
काळी तिची घरची, वहीत नसलेली.
"फाल्गुनात सात उबवली तिनं.
सहा इथंच, चुलीभोवती.
सातव्याच्या पंखात बळ आलं
नि ते जाळीत शिरलं. काळी हाका मारत राहिली.
त्यानं मान वळवली नाही."

कॉलेजात शिकवलं होतं:
या सगळ्यांची मूळ आजी तांबडी,
पूर्वेकडच्या बांबूच्या बनातली.
पण पायांचा पिवळा तिचा नाही.
तो करड्याचा. आपल्याकडच्याच
कुठल्यातरी करड्याचा,
जो कधीतरी अशाच काळोखात
कुणाच्या तरी काळीसाठी
कुंपणापर्यंत आला.
परीक्षेत दोन मार्कांना होतं. मी सोडलं होतं.

एक उचललं, उलटं धरलं, काट्याला लावलं.
सोळाशे चाळीस.
मुठीत दोन पाय,
हळद लावल्यासारखे.

जाळीतून पुन्हा: काया, काया.
शेडमध्ये एकानं मान वर केली,
गळा फुगवला,
तेवढ्यात दाण्याचा पाइप खडखडला
आणि चार हजार चोची खाली.

"तुमच्यातलं एखादं आरवतं का हो कधी?"
बेचाळिसाव्या दिवशी गाडी येते, मी म्हणालो.
"म्हणजे गळा पिकतच नाही," ती म्हणाली,
नि अंगठ्याला शाई लागू नये म्हणून
सावकाश, अक्षर अक्षर लावत, सही केली.

निघताना तिनं एक पीस दिलं, जाळीखाली सापडलेलं.
मानेवरचं. टोकाला पिवळा,
लाखेचा थेंब वाळावा तसा.
"कान कोरायला बरं असतं."
खिशात ठेवलं.
घाट चढून वर आलो,
गाडी बंद करून उभा राहिलो थोडा वेळ.
पुढची शेड करंजाळीला होती.