पिवळा

दंडघेराच्या पट्टीला तीन रंग असतात.
हिरवा कुणाला दाखवावा लागत नाही,
तो आपला आपण दंगा करत अंगणवाडीबाहेर पळतो.
लाल दिसला की जीप येते.
साहेब, पाकिटं, फोटो, जतच्या दवाखान्यातली खाट,
सगळं येतं लालच्या मागून.
पिवळ्यासाठी कुणी येत नाही.

सतरा वर्षं मी ही पट्टी गुंडाळतेय
उमदीकडच्या रानात, कानडी-मराठी मिसळून रडणाऱ्या
पोरांच्या दंडांभोवती.
सतरा वह्या लोखंडी पेटीत आहेत.
एकदा सगळ्या ओळीनं उघडून बसले,
तर वजनं दर वर्षी एकाच जागी घसरलेली,
विहिरीच्या त्याच एका पायरीवर पाय जावा तशी:
शाळू संपलेला, अन् बाजरी अजून ढगात.

दुष्काळ म्हणे अचानक पडला.
माझ्या वहीत तो दर जेठात हजेरी लावतो,
पाऊस बरा झाला त्या सालीसुद्धा.

म्हणून यंदा माघात, खळी भरलेली असताना,
मी आणि सत्यव्वा पत्र्याचा डबा घेऊन दारोदार.
"आत्ता कोण उपाशी आहे गं बाई?"
हुसेनबी हसली, पण अधोली भरून शाळू ओतला.
महादेवीनं हुलगा दिला, तिच्याकडं तेवढाच होता.
सरपंचांच्या घरून "उद्या या" मिळालं,
तेही तीनदा.
राख मिसळली, कडुनिंबाचा पाला घातला,
कणगीचं तोंड शेणानं लिंपलं.
सत्यव्वा हात धूत म्हणाली,
पाव्हणा अजून वेशीवर नाही
अन् आपण पाट मांडून बसलोय.

जेठ लागला.
महादेवीच्या बिराप्पाचा दंड
हिरव्याच्या काठावर आला, मग जरासा पलीकडं.
मी कुणाला फोन केला नाही.
कणगी फोडली.

शाळू-हुलग्याचं पीठ, गूळ, शेंगदाण्याचं कूट,
वर चमचाभर तेल.
पहिल्या दिवशी त्यानं माझ्या लुगड्यावर थुंकलं.
तिसऱ्या दिवशी वाटी स्वतःकडं ओढली.

परवा पर्यवेक्षिकाबाई आल्या, वही चाळली.
"लाल एकही नाही? मग लिहिण्यासारखं
काही घडलंच नाही तुमच्याकडं."
शेऱ्याच्या रकान्यात आडवी रेघ मारून गेल्या.

ती रेघ मी बोटानं चाचपून पाहिली.
कणगीच्या तळाशी अजून दोन पायल्या आहेत.
बाहेर बिराप्पा कुणाची तरी चप्पल पळवतोय,
अन् त्याची आई
कानडीत शिव्या देत मागं धावतेय.